चालू असूनही बंद समजला गेलेला रिपीटर : ११ सप्टेंबर २००१ चे एक प्रकरण

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत अग्निशमन दलाचे दोन अधिकारी एका रेडिओ रिपीटरची, म्हणजे रेडिओवरचे बोलणे पकडून पुढे पोहोचवणाऱ्या यंत्राची, चाचणी घेत होते. त्या मनोऱ्यावर विमान आदळून जवळपास एकोणीस मिनिटे झाली होती आणि शेजारच्या दक्षिण मनोऱ्यावर दुसरे विमान आदळून जेमतेम दोन. एका अधिकाऱ्याने रिपीटरला जोडलेल्या मुख्य हँडसेटवरून हाक दिली, पण संपर्क झाला नाही, म्हणून यंत्रणा निकामी झाली आहे असे त्याने मानले. वस्तुतः रिपीटर ८ वाजून ५४ मिनिटांनीच सुरू करण्यात आला होता, त्या क्षणीही तो काम करत होता, आणि थोड्याच वेळात दक्षिण मनोऱ्यात शिरलेल्या जवानांनी तो वापरलाही.

आपत्कालीन बिनतारी संपर्काचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण सावकाश वाचावे असे मला मनापासून वाटते. त्यातला रिपीटर इमारतीत कायमचा बसवलेला होता हे खरे. परंतु डोंगरातल्या शोधमोहिमेत, पुरात वा वणव्याच्या वेळी पाठीवर वाहून नेऊन खिंडीत उभा केलेला फिरता रिपीटर ज्या प्रकारे दगा देऊ शकतो, तो प्रकार येथे लेखी नोंदींसह उपलब्ध आहे. यंत्र बिघडले तर त्याची दुरुस्ती करता येते किंवा दुसरे आणता येते. चालू यंत्र बंद आहे असे समजून माणसे त्याच्यापासून दूर गेली, तर त्यावर तंत्रज्ञाकडे काहीच उपाय नसतो.

रिपीटरचे काम थोडक्यात सांगून पुढे जातो. हातातले दोन रेडिओ एकाच वारंवारतेवर थेट एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीला सिम्प्लेक्स म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये पोलाद, काँक्रीट किंवा डोंगराचा सोंड आला की हा संवाद तुटतो. रिपीटर मोक्याच्या जागी बसून एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर, बहुधा अधिक शक्तीने, पुन्हा प्रक्षेपित करतो. त्यामुळे दोन जवानांना एकमेकांचा रेडिओ थेट पोहोचण्याची गरज उरत नाही. दोघांचा आवाज रिपीटरपर्यंत पोहोचावा आणि रिपीटरचा आवाज दोघांपर्यंत पोहोचावा, एवढे पुरते. या एका वाक्यात चार वेगवेगळे दुवे आहेत, आणि पुढचे सारे विवेचन या चार दुव्यांभोवतीच फिरणार आहे.

१९९३ ते २००० : यंत्रणा कशी आली

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या भूमिगत वाहनतळात बॉम्बस्फोट झाला. सहा जणांचा मृत्यू झाला आणि एक हजारांहून अधिक लोक जखमी झाले. त्या दिवशी अग्निशमन दलाच्या रेडिओंनी नीट काम केले नाही. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या ९/११ आयोगाने त्याची दोन कारणे नोंदवली. पहिले असे की, संवाद साधू पाहणाऱ्या तुकड्यांच्या मध्ये पोलाद आणि काँक्रीटचे इतके मजले होते की लहरी त्यातून पार जात नव्हत्या. दुसरे असे की, एकाच थेट वाहिनीवर इतक्या तुकड्या एकाच वेळी बोलत होत्या की बोललेले कळेनासे झाले होते.

या अनुभवानंतर इमारतींची मालक असलेल्या न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या पोर्ट अथॉरिटीने १९९४ मध्ये स्वतःच्या खर्चाने अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला. तो संकुलातील पाच क्रमांकाच्या नऊ मजली इमारतीत, पोर्ट अथॉरिटीच्या पोलिसांच्या टेबलाशी होता. तो कायम चालू ठेवावा अशी पोर्ट अथॉरिटीची शिफारस होती. अग्निशमन दलाचे म्हणणे वेगळे पडले : ही वाहिनी सतत चालू राहिली तर खालच्या मॅनहॅटनमधल्या दलाच्या इतर कामात अडथळा येईल, म्हणून ती गरज पडेल तेव्हाच सुरू करावी. तेच मान्य झाले, आणि दलाने विनंती केली की पोर्ट अथॉरिटीच्या पोलिसांनी रिपीटर सुरू करायचा अशी व्यवस्था ठरली. २००० च्या वसंत ऋतूत दलाच्या मागणीवरून ही व्यवस्थाही बदलली. रिपीटर सुरू करण्याचे फलक दोन्ही मनोऱ्यांच्या लॉबीतील अग्निसुरक्षा टेबलांवर बसवले गेले आणि तो सुरू करण्याची संपूर्ण जबाबदारी दलाकडे आली.

या निर्णयांना मागे वळून चूक म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. दाट वस्तीच्या शहरात एकाच वाहिनीवर दोन घटनास्थळांचे बोलणे एकमेकांत मिसळणे हा गंभीर धोका आहे, आणि ज्याला यंत्र वापरायचे आहे त्याच्याच हाती कळ असावी हा विचारही योग्यच आहे. तरीही या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम काय झाला ते पाहिले पाहिजे. एरवी बंद असणारे यंत्र नेमक्या सर्वात बिकट क्षणी सुरू करण्याचे काम, त्या टेबलाशी रोज न बसणाऱ्या आणि नुकत्याच धावत आलेल्या माणसांवर आले. त्यांना हा फलक वर्षातून किती वेळा हाताळायला मिळत असेल, याचा विचार आराखडा करणाऱ्याने आधीच करायला हवा असतो.

दोन बटणे

त्या फलकाच्या रचनेत प्रकरणाचा गाभा आहे. जवानांच्या हातातल्या रेडिओंसाठी रिपीटर सुरू करणारे एक बटण होते, आणि फलकाला जोडलेला मुख्य हँडसेट कार्यान्वित करणारे दुसरे, स्वतंत्र बटण होते. ८ वाजून ५४ मिनिटांनी पहिले बटण दाबले गेले. दुसरे बटण त्या सकाळी कधीच दाबले गेले नाही. ९ वाजून ५ मिनिटांनी चाचणी झाली तेव्हा हँडसेट हातात घेतलेल्या अधिकाऱ्याला तो कार्यान्वित नाही याची कल्पना नव्हती. त्यातून आवाज गेला नाही, आणि सगळी यंत्रणाच बंद ठरली.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे : चाचणी नेमकी कशाची झाली? मुख्य हँडसेट ही रिपीटरला जोडलेली एक वेगळी फांदी होती. तिच्यातून बोलणे गेले नाही, यावरून फक्त ती फांदी काम करत नाही एवढे सिद्ध झाले. जवान ज्या मार्गाने बोलणार होते, म्हणजे हातातल्या रेडिओतून रिपीटरकडे आणि रिपीटरकडून दुसऱ्या हातातल्या रेडिओकडे, त्या मार्गाबद्दल त्या चाचणीने काहीच सांगितले नव्हते. दोन जवानांनी दोन वेगळ्या मजल्यांवरून सातव्या वाहिनीवर, म्हणजे रिपीटरच्या वाहिनीवर, एकमेकांना हाक दिली असती तर यंत्रणा जिवंत असल्याचे काही सेकंदांत कळले असते.

हे मी शांत खोलीत बसून लिहितो आहे याची मला जाणीव आहे. ज्या लॉबीत ही चाचणी झाली तिथे पेटत्या इंधनाचा लोट लिफ्टच्या मार्गाने खाली येऊन गेला होता, शेजारच्या मनोऱ्यावर नुकताच दुसरा आघात झाला होता, आणि त्या माणसांना शेकडो जवानांना कुठे पाठवायचे ते ठरवायचे होते. अशा वेळी एक चाचणी फसली की माणूस तो पर्याय सोडून पुढच्याकडे वळतो. त्याने तसे करणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच चाचणीची पद्धत आधी, शांतपणे ठरलेली असावी लागते. यंत्राने आपली अवस्था न विचारता सांगावी, आणि एका कामासाठी दोन बटणे लागत असतील तर त्यांतले एकच दाबल्यावर फलकाने तसे ठळकपणे दाखवावे, ही जबाबदारी रचनाकाराची असते. धुरात उभ्या असलेल्या माणसावर ती टाकता येत नाही.

उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्यांनी त्यानंतर रिपीटरवाचून, थेट वाहिन्यांवरच काम चालवले. वर चढणाऱ्या तुकड्यांशी त्यांचा संपर्क अधूनमधूनच होत राहिला.

दक्षिण मनोरा : चालू वाहिनी, अपुरी उपस्थिती

दक्षिण मनोऱ्यात चित्र उलट होते. तिथे रिपीटरची सातवी वाहिनी वापरली गेली, आणि तिच्यावरचे बोलणे ध्वनिमुद्रित होत असल्याने आज आपण ते जाणतो. बटालियन प्रमुख ओरिओ पामर चाळिसाव्या मजल्यापर्यंत चालू असलेल्या एका लिफ्टने गेले, तिथून पायऱ्यांनी वर चढले आणि १० वाजायला काही मिनिटे असताना आघाताच्या पट्ट्यातील ७८ व्या मजल्यावर पोहोचले. तिथे आगीचे दोन सुटे भाग दिसत आहेत आणि दोन होजच्या साहाय्याने ते विझवता येतील, असे त्यांनी तिथून रिपीटरवरूनच कळवले. जमिनीपासून पाऊण उंचीवर गेलेल्या माणसाचा हातातला रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता, यापेक्षा रिपीटर चालू असल्याचा सबळ पुरावा दुसरा कोणता असू शकेल?

परंतु आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि माझ्या मते बटणांच्या गोष्टीइतकीच ती महत्त्वाची आहे. ९ वाजून २१ मिनिटांपासून वर चढणाऱ्या बटालियन प्रमुखांना लॉबीतील आदेश केंद्राशी संपर्क साधता येईना, कारण लॉबीतील वरिष्ठ अधिकाऱ्याने सातव्या वाहिनीवर बोलणे थांबवले होते. शिवाय दक्षिण मनोऱ्यात शिरलेल्या बहुसंख्य तुकड्या रिपीटरच्या वाहिनीवर नव्हत्याच. म्हणजे एका मनोऱ्यात यंत्र चालू असून विश्वास नव्हता, आणि दुसऱ्यात विश्वास असून सगळे एकत्र नव्हते. वाहिनीवर कोण आहे आणि कोण निघून गेले, हे रिपीटर स्वतःहून कधीही सांगत नाही. न आलेले उत्तर शांततेसारखेच ऐकू येते.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. त्यानंतर उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडण्याचे आदेश रेडिओवरून दिले गेले, पण ते सर्वांपर्यंत पोहोचले नाहीत. आयोगाने दिलेली कारणे एकाहून अधिक आहेत : उंच इमारतीत लहरी पोहोचण्याची अडचण, एकाच वाहिनीवर सगळे बोलू लागल्याने आदेश बुडून जाण्याची शक्यता, रजेवर असूनही धावून आलेल्या काही जवानांकडे रेडिओच नसणे, आणि दक्षिण मनोऱ्याकडे पाठवलेले काही जण वेगळ्या वाहिनीवर असणे. १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोराही कोसळला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

इथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. रेडिओंचे तांत्रिक अपयश हा एक हातभार लावणारा घटक होता, मात्र उत्तर मनोऱ्यातील जवानांच्या मृत्यूंचे ते प्रमुख कारण नव्हते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. त्यामुळे दुसरे बटण दाबले असते तर अमुक इतके जीव वाचले असते, असे विधान कोणी करू नये. या लेखाचा दावा त्याहून लहान आहे : एक उपयुक्त साधन उपलब्ध होते, आणि त्याची अवस्था न कळल्याने एका मनोऱ्याला ते मिळाले नाही.

फिरत्या रिपीटरसाठी याचा अर्थ

आता हे प्रकरण खिंडीत उभ्या केलेल्या पेटीकडे नेऊ. फिरता रिपीटर म्हणजे सामान्यतः एक ग्राहक (लहरी ऐकणारा भाग), एक प्रक्षेपक (लहरी सोडणारा भाग), दोघांना एकाच अँटेनावर नांदवणारा डुप्लेक्सर, एक लहान नियंत्रक आणि बॅटरी. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये निदान फलक लॉबीतच होता. डोंगरात ही पेटी वापरणाऱ्यांपासून कित्येक तासांच्या चढावर असते आणि तिच्यावरचा दिवा कोणालाही दिसत नाही. म्हणून तिने आपली अवस्था लहरींवरूनच सांगायला हवी. बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर रिपीटरचा प्रक्षेपक एक-दोन सेकंद चालू राहतो आणि त्याची शेपटी ऐकू येते. तिच्यात एक छोटा स्वर घातला तर प्रत्येक वाक्यानंतर वापरणाऱ्याला कळते की आपले बोलणे रिपीटरपर्यंत पोहोचले. काहींना हा स्वर कटकटीचा वाटतो आणि ते तो बंद करून टाकतात. शोधमोहिमेत तो बंद करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण डोंगरातल्या माणसाला दिसू शकणारा तोच एक दिवा आहे.

दुसरा मुद्दा चाचणीच्या पद्धतीचा. दोन माणसे शेजारी उभी राहून एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, ही सर्वत्र दिसणारी पद्धत सदोष आहे. शेजारचा रेडिओ इतक्या जोराने प्रक्षेपण करतो की ऐकणाऱ्या रेडिओचा ग्राहक त्याच्या जवळिकीनेच बधिर होतो आणि रिपीटरचा येणारा आवाज त्याला ऐकू येत नाही. मग चालू रिपीटर बंद वाटतो. याच्या उलट, दोन्ही रेडिओ चुकून सिम्प्लेक्स वाहिनीवर असतील तर शेजारी उभ्या माणसाला थेट आवाज जातो आणि बंद रिपीटर चालू वाटतो. म्हणून चाचणी घेणाऱ्या दोघांनी आधी थेट वाहिनीवर आपल्याला एकमेकांचा आवाज येत नाही एवढे अंतर किंवा आडोसा गाठावा, मग रिपीटरच्या वाहिनीवर दोन्ही दिशांनी बोलावे, आणि तळावरच्या मोठ्या संचाची चाचणी त्यानंतर वेगळी घ्यावी. नोंदवहीत ‘रिपीटर बंद’ असे कधीही लिहू नये. ‘तळाच्या संचावरून उघडला नाही, हातातल्या दोन संचांवर चालला’ असे लिहावे. ९ वाजून ५ मिनिटांच्या चाचणीचा निकाल या भाषेत सांगितला गेला असता, तर पुढच्या माणसाला निष्कर्ष काढायला जागा राहिली असती.

दुसऱ्या बटणासारखीच एक अदृश्य कळ फिरत्या रिपीटरमध्येही असते, आणि ती म्हणजे टोन. इतरांच्या लहरींनी रिपीटर उगाच उघडू नये म्हणून प्रत्येक रेडिओ बोलताना आवाजाखाली ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा एक ठरलेला मंद स्वर सोडतो, आणि रिपीटर तो ओळखला तरच उघडतो. ज्याच्या संचात टोन चुकीचा भरला आहे त्याच्यासाठी रिपीटर मेलेला असतो, जरी बाकी सगळे त्यावरून बोलत असले तरी. ऐकण्याच्या बाजूलाही टोन लावला असेल तर गोंधळ दुप्पट होतो, कारण रिपीटर बोलत असतो आणि संच गप्प राहतो. यावर साधा उपाय असा की, संशय आला की संचाचे मॉनिटर बटण दाबून टोनचा पहारा काही क्षण उठवावा आणि वाहिनीवर खरोखर शांतता आहे का ते कानाने ऐकावे. मोहिमेला निघण्यापूर्वी सर्व संच एकाच फाइलवरून भरले गेले आहेत आणि सर्वांत रिपीटरची वाहिनी त्याच क्रमांकावर आहे, याची खात्री करून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. उतारावर, हातमोजे घालून, अंधारात ते होत नाही.

टोनइतकीच फसवी गोष्ट म्हणजे रिपीटरचे स्वतःमुळे बधिर होणे. त्याचा प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच वेळी, अगदी जवळच्या वारंवारतांवर काम करतात. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास दोन वारंवारतांत ६०० किलोहर्ट्झचाच फरक असेल, तर त्यांच्यामध्ये ८० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त विलगीकरण, म्हणजे प्रक्षेपकाचा आवाज ग्राहकात शिरू न देणारी आडकाठी, लागते. वेगवेगळ्या दोन अँटेना एकाच काठीवर वर-खाली लावून हे साधायचे म्हटले तर नेहमीच्या अंदाजसूत्राने, म्हणजे २८ अधिक अंतर-भागिले-तरंगलांबीच्या लॉगच्या चाळीसपट या हिशोबाने, १० मीटर अंतरावर सुमारे ५६ डेसिबलच मिळतात. उरलेले काम डुप्लेक्सरला करावे लागते, आणि खांद्यावरून नेताना आपटलेला किंवा भलत्याच वारंवारतेसाठी जुळवलेला डुप्लेक्सर ते करत नाही. याची खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे : रिपीटरचा आवाज सगळीकडे दणदणीत ऐकू येतो, जवळचे संच त्यावरून सहज बोलतात, पण दरीच्या तळातल्या माणसाचे वाक्य सुरुवातीला ऐकू येते आणि प्रक्षेपक सुरू होताच तुटते. अशा वेळी शक्ती वाढवण्याचा मोह होतो, आणि शक्ती वाढवल्याने बधिरपणा आणखी वाढतो. प्रक्षेपकाची शक्ती कमी करून पाहणे हा इथला पहिला उपाय आहे. दरीतला माणूस ऐकू येणे हेच रिपीटरचे खरे काम आहे, आणि जागा निवडतानाही तोच निकष असावा. सर्वात उंच शिखरापेक्षा दरीत थेट डोकावणारी खालची खिंड अनेकदा सरस ठरते.

कायम चालू की गरजेपुरता, हा १९९४ चा वाद फिरत्या रिपीटरच्या बाबतीत बॅटरीच्या रूपाने परत येतो. समजा प्रक्षेपणात यंत्र ३ अँपियर आणि नुसते ऐकताना ०.२ अँपियर घेते, आणि बॅटरी २० अँपिअर-तासांची आहे. नुसते ऐकत राहिले तर ती शंभर तास पुरेल, सतत प्रक्षेपण केले तर सात तासांच्या आत संपेल, आणि चौथा हिस्सा वेळ बोलणे चालले तर साधारण बावीस तास टिकेल. थंडीत त्याहूनही कमी. या आकड्यांवरून दिसते की, वीज खाते ते बोलणे. यंत्र चालू असण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. म्हणून शोधमोहिमेत रिपीटर पहिल्या क्षणापासून चालूच ठेवावा, दुसऱ्यांना होणारा अडथळा टोनने आणि मर्यादित शक्तीने टाळावा, आणि ‘आता सुरू करा’ असा आदेश देण्याची वेळच येऊ देऊ नये. अडकलेल्या बटणामुळे बॅटरी रिकामी होऊ नये यासाठी नियंत्रकात ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण तोडणारी सोय मात्र अवश्य असावी.

गर्दीचा प्रश्न रिपीटर सोडवत नाही, तो वाढवतो. १९९३ च्या दोन दोषांपैकी लहरी न पोहोचण्याचा दोष त्याने दूर होतो, पण सर्वांना सर्वांचे ऐकू येऊ लागल्याने एकमेकांवर बोलण्याचा दोष बळावतो. ११ सप्टेंबरच्या तपासात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेला असे आढळले की, संदेशांचा लोंढा आला त्या काळात सुमारे एक तृतीयांश ते निम्मे रेडिओ संदेश अपूर्ण किंवा न समजण्याजोगे होते. म्हणून फिरत्या रिपीटरवर तळ आणि तुकडी-प्रमुख एवढेच बोलतील आणि तुकडीतले आपापसांतले बोलणे थेट वाहिनीवर राहील, ही विभागणी मोहिमेच्या पहिल्या बैठकीतच ठरवावी. तळावरचा माणूस मात्र रिपीटरची वाहिनी कधीही सोडणार नाही. सोडायचीच वेळ आली तर आधी तसे सांगेल, वेळ नोंदवेल आणि आपल्या जागी कोणाला बसवले त्याचे नाव पुकारेल. ठरावीक अंतराने प्रत्येक तुकडीची हजेरी रेडिओवरच घ्यावी, म्हणजे ९ वाजून २१ मिनिटांनी जसा एक आवाज वाहिनीवरून नाहीसा झाला, तसा तो नाहीसा झाल्याचे पुढच्या हजेरीला तरी लक्षात येईल. रिपीटर खरोखरच बंद पडला तर सर्वांनी कोणत्या थेट वाहिनीवर जायचे, हेही त्याच बैठकीत ठरलेले हवे. रिपीटरच्या प्रक्षेपणाच्या वारंवारतेवरच थेट बोलायचे ठरवले तर ऐकण्यासाठी कोणालाच वाहिनी बदलावी लागत नाही.

नंतरचे बदल

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने पुढे वेगळा मार्गही काढला. सुमारे ४५ वॅट शक्तीचा, हाताने उचलून नेता येणारा आदेश-रेडिओ त्यांनी तयार केला. त्याला ‘पोस्ट रेडिओ’ म्हणतात. एक लॉबीत आणि एक वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला की दोन ठिकाणांमध्ये थेट, शक्तिशाली दुवा तयार होतो. तो रिपीटर नाही. इमारतीत कोणते यंत्र बसवले आहे आणि ते कोणी सुरू केले आहे यावर अवलंबून न राहता, अधिकारी आपला दुवा सोबत घेऊन येतो हे त्याचे वैशिष्ट्य आहे. कोणती वाहिनी जिवंत आहे हा प्रश्न त्यामुळे बराच सोपा होतो, कारण यंत्र समोर असते आणि ते हाताळणारा माणूस ते रोज हाताळतो.

इमारतीत बसवलेल्या यंत्रणांसाठी नियमही आले. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेच्या २००९ च्या आवृत्तीत आपत्कालीन रेडिओ पोहोचीचे स्वतंत्र कलम आले. प्रत्येक मजल्याच्या ९५ टक्के क्षेत्रात उणे ९५ डीबीएम (संकेताची शक्ती मोजण्याचे एकक) इतका तरी संकेत मिळाला पाहिजे, असे त्या आवृत्तीत म्हटले होते. ही अट दोन्ही दिशांना लागू होती : बाहेरून आत येणारा संकेत वेगळा मोजायचा आणि आतल्या रेडिओकडून बाहेर यंत्रणेपर्यंत जाणारा वेगळा. एक दिशा चालली म्हणून दुसरी चालते असे त्या मोजणीत गृहीत धरता येत नाही, आणि ही तपासणी यंत्रणा बसवताना एकदा करून थांबत नाही; ती दरवर्षी पुन्हा करावी लागते.